तिसऱ्या आग्रहाची वाट

आमच्या काशान शहरातल्या गल्लीत तापल्या खड्यांवर भाजायच्या संगक रोटीची भट्टी चालवणारा रजबअली, मशहदची यात्रा केलेला म्हणून सगळ्यांचा 'मश्दी', कशालाही आधी दोनदा 'नको' म्हणायचा. तशी आमच्याकडे सगळ्यांचीच रीत आहे, पण तिसऱ्या आग्रहाला माणूस घेतो. रजबअलीला चौथाही कमीच वाटे.

इराणच्या शहाच्या शेवटच्या वर्षांत महागाई भडकली आणि खापर फुटलं दुकानदारांवर. पीठ महागलं म्हणून रजबअलीने रोटी महाग केली, तर सरकारी तपासनिसांनी भट्टीला लाखेचं सील ठोकलं. तिकडे राजवाड्यात मेजवान्या आणि इथे गल्लीला रोटी नाही! माझंही डोकं फिरलं होतं. लोक रस्त्यावर उतरले, त्यात मशिदीतले होते, कॉलेजातले होते, आणि आपली भट्टी उघडावी एवढ्याचसाठी आलेला रजबअली होता.

चौकात शहाच्या पुतळ्याच्या गळ्यात दोर पडला आणि तिथेच घोडं अडलं.

"मश्दी, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही ओढा."

"छे छे! तुमच्यापुढे मी कोण?"

"तुमच्याआधी आम्ही हात लावायचा? शोभतं का?"

पुतळासुद्धा कंटाळला असेल. अखेर रजबअलीने दोर धरला आणि गावाने त्याला क्रांतिवीर करून टाकलं.

राज्य बदललं. गल्लीचा कारभार हाती घेतलेल्या नव्या क्रांती समितीचा याह्या जीप घेऊन आला. दाढी नुकतीच फुटलेली, पण रुबाब केवढा!

"काका, तुमचं सील आजच तोडू?"

"घाई कसली, बाळ? आधी इतरांचं बघा."

"वा! याला म्हणतात त्याग!" असं म्हणून तो निघूनही गेला. तो पुन्हा विचारायला येईल म्हणून रजबअली उन्हाळाभर दारात बसून राहिला. राजा गेला याचं मला सुखच झालं, पण या पोरांनी आग्रहही मोडीत काढला, त्याचा राग अजून जात नाही.

शेवटी रजबअलीची बायको तूबाखानम भडकली. "अहो, एवढा पुतळा पाडलात आणि लाखेच्या ठिपक्याला भिता?" भट्टीतलं लांब फावडं उलटं धरून तिने सील फोडलं. दुसऱ्या दिवशी गल्लीभर रोटीचा वास सुटला. मी रांगेत उभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात जीप आली. याह्याने सीलचे तुकडे पाहिले. रांग दोन पावलं मागे सरली.

"दोन रोट्या द्या," तो म्हणाला. "किती झाले?"

सवयीने रजबअलीचा हात छातीवर गेला. "तुमच्याकडून काय घ्यायचं? राहू द्या."

"बरं," म्हणत याह्या रोट्या घेऊन जीपकडे वळला.

"अरे थांब!" रजबअली ओरडला. "अजून दोनदा विचारायचं राहिलंय!"

याह्याने त्याच्याकडे पाहिलं, मग फावडं घेऊन उभ्या असलेल्या तूबाखानमकडे पाहिलं.

"किती झाले, काका?"

जन्मात पहिल्यांदाच रजबअली तिसऱ्या आग्रहासाठी थांबला नाही. त्याने भाव सांगितला. ज्या भावापायी शहाच्या माणसांनी भट्टीला सील ठोकलं होतं, तोच.