इंगळे मॅडमचं थोरियम

ज्या माणसानं मॅडमच्या रीडिंगवर लाल पेनानं 'बिनडोकपणा' असं लिहिलं होतं, त्यानं आज सकाळी 'माझी लाडकी विद्यार्थिनी गेली' अशी पोस्ट टाकली.

खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

इंगळे मॅडम परवा अकोल्यात गेल्या. हार्ट अटॅक.

थोरियममुळे गेल्या, असं कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर लिहिणाऱ्या शहाण्यांनी आपली केमिस्ट्रीची डिग्री परत करावी.

मॅडम मूळच्या दर्यापूरच्या. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होत्या. मी तेव्हा एम.एस्सी.ला, आणि त्यांच्या लॅबमध्ये मदतीला.

गाईड होते आमचे हेडसर. म्हणजे हा पोस्टवालाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. थोरियम हा किरणोत्सर्गी धातू. त्याचं ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.
पण 'जवळजवळ' म्हणजे किती, आणि पाणी तापलं तर किती, हे माहीत असावं लागतं. अणुभट्टीतला कचरा गरम असतो. तो जिथं पुरायचा, तिथं जमिनीत पाणी असतं.

मॅडम ताजं ऑक्साइड बंद बाटल्यांत, किंचित आम्ल पाण्यात, वेगवेगळ्या तापमानाला कित्येक आठवडे ठेवायच्या. लाइट गेली की वहीत वेळ लिहायची आणि ती बाटली बाद. मे महिन्यात अमरावतीत अशा किती बाटल्या बाद झाल्या असतील, विचारू नका.

आणि रीडिंग आलं उलटं. पाणी जितकं गरम, थोरियम तितकं कमी विरघळलेलं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

"तुयं काई चुकलं नाई," मॅडम म्हणाल्या. "उष्णतेनं त्याचे कण घट्ट बसून राहिले. स्फटिक होऊन राहिले. मंग पाण्याले ते सुटत नाईत. आता थंड करून पाहू, परत वर चढते का."

थंड केलं. चढलं नाही.

हेडसरांच्या जुन्या पेपरात मात्र गरम पाण्याचे आकडे जास्त होते. मॅडमनी कारण शोधलं. सरांनी साधा फिल्टर पेपर वापरला होता. त्यातून बारीक कण खाली गेले. ज्याला ते विरघळलेलं थोरियम म्हणत होते, तो तरंगणारा गाळ होता.

हे सरांना केबिनमध्ये दाखवलं तेव्हा मी शेजारी उभी होते.

"इंगळेबाई, गरम चहात साखर जास्त विरघळते की कमी?"

"जास्त, सर."

"मग तुमचं थोरियम काय आभाळातून पडलंय?"

"सर, साखर अन् थोरियम एकच आहे काय?"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विद्वान म्हणाला, "कोट्यातून आलेल्यांना थर्मामीटर वाचायला कोण शिकवणार?"
सगळे हसले. मीही ओठ हलवले.

पुढे त्यांनी स्पष्टच सांगितलं, गरम पाण्याची सहा रीडिंग बदला, मग सही करतो. मॅडम नाही म्हणाल्या.

मग सरांनी मला बोलावलं. बाटल्या ज्या वॉटर बाथमध्ये ठेवायचो, त्याचा थर्मोस्टॅट बिघडलेला होता, असा कागद टाइप करून तयार होता. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि मार्क त्यांच्या हातात.

मी सही केली.

थर्मोस्टॅट ठणठणीत होता. रोज सकाळी मीच तपासत होते.

त्या कागदावर मॅडमचं काम रद्द झालं. त्या अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात गेल्या. पीएचडी कधीच झाली नाही.

वर्षभरानं मी अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या घरी गेले. दारातच रडायला लागले.

"कावून सही केली?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली."

"मले बी वाटत होती." त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मी तुले माफ केलं असं म्हणनार नाई. पन जेवून जा."

जेवले. नंतरही जात राहिले.

काही वर्षांनी परदेशातल्या एका लॅबनं हेच छापलं. तापवलं की थोरियमचं ऑक्साइड कमी विरघळतं. मी प्रिंट काढून नेली. मॅडमनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, मार्जिनमध्ये दोन ठिकाणी पेन्सिलनं खुणा केल्या.

"यायचा फिल्टर आपल्यापेक्षा चांगला हाय," एवढंच म्हणाल्या.

आणि हेडसर? सेमिनारमध्ये सांगायला लागले, "आमच्या लॅबनं हे फार पूर्वीच पाहिलं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसले होते तेच लोक.

आज सकाळी ती पोस्ट वाचली, बार्शीटाकळीच्या माझ्या शाळेत रजा टाकली आणि बसनं अमरावती गाठली. विद्यापीठात लेखी दिलं, की थर्मोस्टॅटचा तो कागद खोटा होता आणि सही माझी आहे. सोबत मॅडमच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या. मूळ वही मॅडमनी मागच्या दिवाळीत माझ्याकडे दिली होती.

क्लार्कनं वाचलं. "याचं आता काय होईल मॅडम?"

"माहीत नाही. आवक क्रमांक द्या."

दिला.

हेडसर, तुम्ही ही पोस्ट वाचणार, म्हणून तुम्हाला टॅग केलंय. डिलीट करायला सांगायला फोन करू नका.

मॅडम, हे तुमच्या हयातीत करायला हवं होतं. मी घाबरट होते, आणि सोय पाहत होते.

जय भीम, मॅडम. येते मी.