कोकिळाच्या वाट्याचा रोट

"खाय ना वं! डॉक्टरनी तुन्हं तोंड शिवी दिन्हं का?"

"तोंड नही अक्का, पोट. आते कपभरच राहेल शे ते."

"मंग कपभर खाय. कानबाईना रोट शे हाऊ, लगीननी पंगत नही, नको-नको कराले."

असं म्हणत सुंदरबाईनं धाकट्या जावेच्या, कोकिळाच्या ताटात अर्धा रोट टाकला आणि वरून खिरीची पळी उलटी केली.

सोनगीरच्या त्या घरातून सकाळीच श्रावणातली कानबाई देवी बोळवली होती. मागं राहिले होते रोट. घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजायचे, दळायचे, पुरण भरून रोट करायचे, आणि ते पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, ढोरांपुढं टाकायचे नाहीत, उरवायचे तर मुळीच नाहीत. पूर्वी त्याची काळजी नव्हती. कोकिळा आपला वाटा खाऊन पोरासोरांचे उष्टे तुकडेही चट करायची.

ती कोकिळा एकशे अठरा किलोची होती. लोकांचे मांडे करून द्यायला मातीच्या पालथ्या खापरापुढं बसली की उठवायला दोघी लागायच्या. साखरेचं इंजेक्शन रोज, गुडघे कामातून गेलेले, झोपेत श्वास असा अडकायचा की नवरा प्रेमराज तिला हलवून जागं करायचा. शेवटी गेल्या श्रावणात धुळ्याला तिचं ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी कापून लहान केली, आतड्याची वाट बदलली. इंजेक्शन सुटलं. आता ती एकटी उठते, बसस्टँडपर्यंत पायी जाते. पण डोक्यात कंगवा घातला की केसांचा गुंता निघतो, गोळ्या जन्माच्या मागं लागल्यात, आणि दंडाची कातडी रिकाम्या गोणीसारखी लोंबते. जेवायची वेळ झाली की तिला काही सुचत नाही. चार घासांत पोट भरतं, हात मात्र ताटाभोवती फिरत राहतात. मग ती उगाच उठते, भांडी हलवते, पुन्हा बसते.

आणि गावाचं तोंड कोण धरणार? "कोकिळाले काय रोग लागना वं?" असं पाण्याच्या नळावरही ऐकू येई.

औंदा गहू मोजताना सुंदरबाईनं तिच्या नावाशी हात थांबवला होता. "तुन्हा मोजू का नको?"

"मोजा! मी काय मरी गयी का?" कोकिळा फणकारली होती. गेल्या साली ती दवाखान्यात होती, तिचा रोट दुसऱ्यांनी खाल्ला. या साली नावच मोजलं नाही तर या घरात आपण आहोत तरी कुठं, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं.

म्हणून तिनं खाल्लं. सावकाश चावायचं सोडून, खिरीत बुडवून, सगळ्यांच्या देखत भराभर खाल्लं.

ताट बाजूला सारेपर्यंत छातीत धडधड सुरू झाली. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. ती बसल्या जागी डोलायला लागली.

"उनी वं माय!" चुलतसासू कमलबाई ओरडली. "कोकिळाना आंगमा कानबाई उनी!"

झालं. बाया हळदीकुंकू घेऊन धावल्या. कुणी तिचे केस सोडले, कुणी पाण्यानं पाय धुतले. सुंदरबाईनं डोक्यावर पदर घेतला, जमिनीला कपाळ टेकलं. "काय चुकनं माय? सांग, बठ्ठं करसूत."

कोकिळाच्या कानांत गिरणी चालू होती, तरी हे तिला कळलं. एक शब्द पुरे होता. कोकिळाले रोट नको, एवढं बोललं की सुटका. देवीचा शब्द कोण मोडणार? पण मग दरसाल तिच्या नावाशी हात थांबणार, आणि दरसाल तिला असंच डोलावं लागणार.

तेवढ्यात पोटातून उसळी आली.

"अक्का, बाजूले सरा! ओकारी येस!"

ती मोरीकडं धावली. परत आली ती भिंत धरत, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं.

"देवी नही ती. गूळ शे. डॉक्टरीणबाईनी सांगेल व्हतं, गोड खाशी त असंच व्हई."

सुंदरबाई ताडकन उठली. "मंग माले पाया कसाले पडू दिन्हं?"

"मी कोठे म्हन्हं, पडा?"

दारात प्रेमराज फिसकन हसला. सुंदरबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो अंगणात पसार झाला.

"तुन्हा नावना गहूच मोजाले नको व्हता," ती धुसफुसली.

"मोजाना, अक्का. दरसालले मोजाना. पन मन्हा वाटा मी मन्हा हिसाबतीन खासू. खीर नही, घाई नही. पुनव आखो दूर शे."

कोकिळाच्या ताटातल्या रोटाचा कोपरा मोडून सुंदरबाईनं तोंडात टाकला, कडकडा चावला आणि भांडी आपटत आत गेली.

उरलेला तुकडा कोकिळानं फडक्यात बांधला. हायवेवरच्या एका घरी संध्याकाळी मांडे द्यायचे होते. अजून धडधड पुरती उतरली नव्हती, पण नुसतं बसवतही नव्हतं. तिनं चूल पेटवली, खापर पालथं घातलं, फडकं जवळ ठेवलं. नखाएवढा रोट मोडून तोंडात टाकला आणि पार पाणी होईस्तोवर चावत राहिली. चावता चावता कणकेचा गोळा हातावर घेतला. पूर्वी या गुबगुबीत हातांवर मांडा आपसूक पसरायचा. आता कोपराजवळ लोंबत्या कातडीला अडकला आणि फाटला.

"तुन्ही माय!" म्हणत तिनं तो पुन्हा गोळा केला, हात ताणून धरले आणि नव्यानं मांडा फिरवायला घेतला.