फक्कीचे पट्टे

"फुलं आत जाऊ द्या, सायकल बाहेर ठेवा."

बॅरिकेडपाशी उभा असलेला माणूस माझ्याकडे न बघताच बोलला. माझ्या कॅरिअरला झेंडूच्या हारांची टोपली बांधलेली. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून मी ती आणली होती, चढावर उतरून, ट्रकच्या भोंग्यांना अंग चोरत. आणि माझ्या डोक्यावर, कमानीला, भला मोठा फलक लटकत होता: ‘सायकल चालवा, शहर वाचवा.’

"दादा, हार द्यायलाच आलेय."

"कळलं ना बाई? साहेबांची सायकल रॅली हाय. इथं सायकल लावायची नाय."

पांढरा टीशर्ट घातलेली एक मुलगी धावत आली. गोड आवाजात म्हणाली, "काकू, फोटोत येतेय हो ती. जरा मागे घ्या ना."

मी मागे घेतली. वर "सॉरी" म्हणाले. ते सॉरी आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. फुटपाथवर लावायला गेले तर तिथे गाड्या उभ्या. रॅलीच्या सायकली त्याच गाड्यांच्या टपावर बसून आल्या होत्या. शेवटी माझी सायकल गटाराकडेच्या भिंतीला टेकवली आणि टोपली डोक्यावर घेऊन आत गेले.

मी ओवलेला हार साहेबांच्या गळ्यात पडला. त्यांनी मला ओळखलं नाही. महापालिकेत त्यांच्या टेबलासमोर मी तीनदा उभी राहिले होते.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडे आणि मळा पलीकडे. पूर्वी मधून बैलगाडीची वाट होती. मग डांबर आलं, मग रस्ता चौपदरी झाला. पलीकडे जायला दुभाजकात एक फट ठेवली. ना पट्टे, ना गतिरोधक. त्या फटीपाशीच माझ्या सासूबाईंना गाडीने उडवलं. खुरपं एकीकडे पडलं, त्या एकीकडे. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. मांडीत सळई घातली, तेव्हापासून त्या उंबऱ्यात बसून मळा बघतात. म्हणतात, "माझी माती दिसती, पण शिवता येत नाय." आणि त्याच फटीतून माझी पोरगी रोज शाळेत जाते. पलीकडे पोचून ती हात हलवते, तोवर माझा चहा तसाच गार होतो.

मी काय मागितलं होतं? पांढरे पट्टे आणि एक गतिरोधक.

पहिल्या तोड्याची फुलं देवाला वाहायची, ही आमच्या घरची रीत. दोन वर्षांपूर्वी मी ती देवाला वाहिली नाहीत. अर्जासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवली. अक्कल गहाण टाकली होती मी. साहेबांनी शिपायाला सांगितलं, "उचल रे हे, फायली ओल्या होतील." दुसऱ्या खेपेला निधी नव्हता. तिसऱ्या खेपेला सासूबाई स्वतः आल्या, काठी टेकत. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी शहर थांबवायचं का? जरा बघून चालायला शिका."

सासूबाईंनी हात जोडले. "चुकलं साहेब."

ज्यांचं हाड मोडलं त्यांनी माफी मागितली. आणि मी गप्प उभी राहिले.

त्या दिवशी रॅलीत साहेब माईकवर म्हणाले, "रस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, आणि मला पायाशी रेघ दिसली. पांढरी, सरळ, चुन्याच्या फक्कीची. साहेब येणार म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना अशी फक्की मारली होती, पार टोकापर्यंत. एका सकाळच्या रॅलीसाठी रेघा मिळतात. माझ्या पोरीसाठी दोन वर्षांत चार पट्टे मिळत नाहीत. लाज वाटली ती माझीच.

मंडपामागे फक्कीचं अर्धं पोतं पडलं होतं. तिथल्या कामगाराला विचारलं. तो म्हणाला, "ने की माय, उरलेलीच हाय."

रिकाम्या टोपलीत पोतं घातलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या आम्ही सगळ्या बाया त्या फटीपाशी जमलो. दोघी हात वर करून गाड्यांसमोर उभ्या राहिल्या. मी वाकून पट्टे ओढले. दारात रांगोळी काढणारे हात, त्यांना रेघ शिकवावी लागत नाही. भोंगे वाजले, शिव्या आल्या. एक जण काच खाली करून ओरडला, "रस्ता काय बापाचा आहे का?"

"सासऱ्याचा व्हता," मी म्हणाले. "त्यांचीच जमीन गेली ह्यात."

काच वर गेली. सासूबाई काठी टेकत निघाल्या, अगदी सावकाश. सगळ्या गाड्या थांबून होत्या. पलीकडे पोचल्यावर त्या बांधावर बसल्या आणि मुठीत माती घेतली. मला हुंदका आला, मी तो आवरला नाही.

दुपारी साहेबांच्या ऑफिसची जीप आली. "कोणाच्या परवानगीनं हे? गुन्हा दाखल होईल."

सासूबाईंचे हात सवयीने जुळायला लागले. मी ते धरले आणि खाली केले.

"करा दाखल," मी म्हणाले. "रेघ मी मारली. नाव लिहून घ्या माझं. आणि ह्या आईंना उडवणाऱ्या गाडीचा नंबर कोणी लिहिला नव्हता, तेबी लिहा."

संध्याकाळपर्यंत टायरांनी फक्की पुसून टाकली. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा मारली. तिसऱ्या सकाळीही. पोतं संपलं तेव्हा बाया घरातली रांगोळी घेऊन आल्या.

पहिल्या तोड्याची फुलं यंदा देवाला गेली. साहेबांकडे आता अर्ज जाणार नाही. त्यांच्या रॅलीला हार जाणार नाही. पक्के पट्टे मारायचे तर येऊन मारावेत. तोवर रोज सकाळी सात वाजता आम्ही रस्ता ओलांडणार, आणि त्यात साहेबांची गाडी आली तर तीही थांबेल.