खाच मिटवायचा बाण

मी काही लिहिणारा नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तरीही सरांविषयी लिहायला बसलो, याची आधीच माफी मागतो. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, तर समजून घ्याल.

सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. माउसला स्वतः कधी हात लावत नसत. "तूच दाब रे," म्हणत.

धसईजवळच्या आमच्या शाळेत ते कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवत. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा. काही ठोकळ्यांच्या शेवटी दोन बाण असत. एक दाबला की आकडा भरायला नवी खाच उघडे, दुसरा दाबला की एक खाच मिटे.

तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मी पाड्यांवरच्या विहिरींचा प्रोग्राम केला. मुलं हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या दोरीनं पाणी मोजून आणत. सगळ्यांत कमी पाणी किती, ते ठोकळा सांगे. पाच विहिरी, पाच खाचा. प्रदर्शनाच्या दिवशी खालच्या पाड्याची मुलगी आलीच नाही. मी तिची खाच तशीच रिकामी ठेवली.

परीक्षकांसमोर पडद्यावर शून्य आलं. मी ठामपणे सांगितलं, "खालच्या पाड्याची विहीर आटली."

मागून आमचे सरपंच म्हणाले, "अरे, सकाळी तिथंच आंघोळ करून आलो मी."

सगळा मांडव हसला. मी सरांना म्हटलं, "मला नाय जमायचं. मी कॉम्प्युटर सोडतो."

"आकडे किती येतील ते आधी कोणाला माहीत असतं? आज पाच, उद्या चार," सर म्हणाले. "रिकाम्या खाचेला ठोकळा शून्य धरतो. आकडा नाय, तर खाचच मिटवायची."

मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, "हे मी शिकवलंच नव्हतं. चूक माझी."

त्यांनी ते दोनदा शिकवलं होतं.

"आता तूच दाब."

मी बाण दाबला. चार खाचा उरल्या, पडद्यावर सगळ्यांत कमी पाणी तीन हात आलं. बक्षीस मिळालं नाही, पण मी कॉम्प्युटर सोडला नाही.

पुढे सरांचं कंत्राट संपलं. मला कल्याणच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांचा पत्ता कोणाकडेच नव्हता. तो दिवाळीत मिळाला. पेढे घेऊन कसाऱ्याला गेलो. दार काकींनी, सरांच्या पत्नींनी उघडलं. मी नाव सांगितलं.

"ते श्रावणात गेले रे," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यावरच बसलो.

"तुझं कळलं होतं त्यांना. शाळेच्या शिपायाला त्यांनीच फोन लावलेला. कॉम्प्युटरलाच लागलास म्हटल्यावर अंथरुणात उठून बसले. कितीतरी दिवसांनी चहा मागितला."