कंसाखालची लाल रेघ

‘मला बाई काय कळतंय त्यातलं, चौथी शिकलेली मी’ – असं मी म्हणाले, तेव्हा मला सगळं कळत होतं. हे आजवर कुणाजवळ बोलले नाही.

माझी सून वंदना मलकपेठच्या आमच्या घरी स्वयंपाक उरकून दुपारभर लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायला शिकायची. कोठी भागात क्लास लावला होता. नोकरीची परीक्षा आठवड्यावर आली होती. मी शेजारी शेंगा सोलत बसायची. एकदा तिच्या अक्षरांखाली लाल नागमोडी रेघ दिसली. मी म्हटलं, चुकलीस ना? ती हसली. ‘आई, कंस उघडलाय, अजून मिटला नाही. म्हणून खूण येते.’ तिने कंस मिटला – रेघ गेली. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, अगं, तुझा कंस राहिला. ‘हौ आई, परीक्षेला तुम्हीच बसा,’ म्हणाली. मला बरं वाटलं होतं. मग?

मग काय झालं, माझं मलाच उमगत नाही. माझा मुलगा दत्ता, त्याला हे शिकणं मुळातच नको होतं. त्याने मला विचारलं, जमतंय का हिला? मी म्हणाले, लालच लाल असतं रे. खोटं होतं का ते? लाल असायचंच. ते जातंही, हे सांगितलं नाही, एवढंच. एवढंच?

तो जाऊन तिच्या मागे उभा राहिला. नेमकी तिची ओळ अर्धी होती. तीन रेघा. त्याच्या कचेरीत लाल शाई म्हणजे कागद परत. म्हणाला, ‘आईलासुद्धा दिसतंय, तुला दिसत नाही? बस झालं आता.’ वंदना माझ्याकडे वळली. ‘आई, तुम्ही तरी सांगा ना यांना.’

जरा थांब, तिला ओळ पुरी करू दे – एवढंच म्हणायचं होतं. मी ते चौथीचं म्हणाले.

तिचा राग होता का मला? नव्हता. माझी शाळा सुटली म्हणून जळले? पुष्कळदा तसं धरून पाहिलं, पटत नाही. ती नोकरीला लागली की दुपारची एकटी पडेन, म्हणून भ्यायले असेन. असेन – नक्की सांगता येत नाही. पण त्यानंतर ती दुपारी माझ्याजवळ बसलीच नाही.

परीक्षेला ती गेलीच नाही. त्या दिवशी तिने लॅपटॉप जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. अजून तिथेच आहे. आता ती आबिड्सच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालते. मला आई म्हणते. दत्ता बढती घेऊन बसलाय, मी दोन वेळा गरम जेवते. आमचं काही गेलं नाही. परीक्षा गेली ती वंदनाची.