गॅरेजमधली शेगडी
गाडीचं ऑइल बदलायला गेलो की जळक्या तेलाचा वास येतो आणि नव्वदच्या दशकातला ओहायोचा एक हिवाळा आठवतो. बाबा नागपूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून केलेली, त्यामुळे घरात नुसतं बसवेना. गॅरेजमध्ये बोटं गारठायची, म्हणून त्यांनी जुन्या वॉटर हीटरची टाकी कापून शेगडी बनवली. वरच्या डब्यातून नळीवाटे गाडीचं वापरलेलं ऑइल थेंब थेंब आत पडून जळायचं, पत्रा लाल व्हायचा आणि बाहेर बर्फ असताना बाबा बनियनवर शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करायचे. एका शनिवारी इथल्या महाराष्ट्र मंडळातलं एक जोडपं जेवायला आलं. नवऱ्याने मला विचारलं, "वडील कशात होते?" मी पटकन म्हणालो, "रेल्वेत, इंजिनियर." घरातून गॅरेजमध्ये जायचं दार उघडंच होतं. बाबा आत आले, हात कोपरापर्यंत काळे. "काका, हे काय?" त्याच्या बायकोने हसून विचारलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रिटायर झाल्यावरची हौस. नोकरीत कधी पान्याला हात लावावा लागला नाही." दुसऱ्या दिवशी शेगडी कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी होती. उरलेले दोन महिने ते स्वेटर घालून सोफ्यावर बसून राहिले, आणि परत गेल्यावर पुन्हा कधी आले नाहीत. आता मी कुणालाही सांगतो की माझे वडील फिटर होते, आणि लोक माझं कौतुक करतात.