दहा बोटं

“हात दाखव गा.”

नागपूरजवळच्या हिंगण्याची एमआयडीसी नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्या कारखान्यात पाळी सुटली की प्रेस शॉपचे मॅनेजर फाटकाशी उभे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं दोन्ही पंजे वर करायचे. हे बघायचे आणि म्हणायचे, “दहा. जा घरी.” नवखा माणूस हसायचा. तुम्हीही हसला असता. मी तर पहिले सहा महिने हसत होतो.

मीही मॅनेजर, शेजारच्या शॉपचा. त्यांचे वडील कापड गिरणीत होते आणि उजव्या हाताची तीन बोटं तिथेच ठेवून आले होते. “बाप डाव्या हातानं जेवे. पंगतीत लोकं हसत,” एवढंच एकदा डबा खाताना बोलले.

आम्ही मॅनेजर चौघे, चार तऱ्हांचे. डिस्पॅचचे सिंधी साहेब जरीपटका वस्तीतले. फाळणीत सगळं गेलं, उरला तो शब्द. “पार्टी को जबान दी है,” म्हणाले की माल निघालाच पाहिजे. वर्क्स मॅनेजर तामीळ. त्यांचा देव रजिस्टर; लिहिलं नाही ते घडलंच नाही. मी महाल भागातला ब्राह्मण. आमच्या घरात कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती, आणि याला आम्ही संस्कार म्हणायचो. आणि प्रेस शॉपचे हे, धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले, त्यांच्या वस्तीतले पहिले इंजिनियर.

यांचं सगळं त्या जाळीपाशी येऊन थांबायचं. पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती काढली की काम भराभर उरकतं. हे काढू देत नसत. सिंधी साहेब चिडले की हे म्हणत, “माल उद्या जाईन. बोट उद्या येते काय?”

सुटी वर्षातून एकच घेत, चौदा एप्रिलची. त्या वर्षी जाताना त्यांनी शॉप माझ्या हवाली केलं. “भाऊ, जाळीकडे लक्ष ठेवजा.”

दुपारी सिंधी साहेब आले. ट्रक दारात उभा, माल अपुरा. “सिर्फ दो घंटे, साब.” मला नाही म्हणता आलं नाही. मी जाळी काढायला सांगितली, तोंडी. रजिस्टरात लिहिलं नाही. तासाभरात एका कामगाराची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावून रजिस्टर उघडलं. शेवटची सही यांची, तेरा एप्रिलच्या संध्याकाळची: जाळी घट्ट आहे. वर्क्स मॅनेजरांनी अर्थ लावला, की न बघताच सही केली आणि जाळी निखळली.

“मी पाहूनच सही केली, सर. जाळी काढली गेली,” हे म्हणाले.

“कुठे लिहिलंय?”

कामगारांनी यांना फाटकातच सगळं सांगितलं होतं. यांनी माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं आणि थांबले. त्यांची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती. सिंधी साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी माझे बूट बघत बसलो. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, असल्यांना खुर्ची दिली की हेच होणार. तेव्हाही मी चहा पीत राहिलो.

त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. शेवटच्या दिवशी पाळी सुटली तेव्हा ते रोजच्यासारखे फाटकाशी उभे होते. सगळे पंजे दाखवून गेले. मी खाली मान घालून निघालो.

“भाऊ, हात दाखवा.”

मॅनेजर लोकांना त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मी पंजे वर केले. त्यांनी एकेक बोट सावकाश बघितलं. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

“दहा,” ते म्हणाले. “जा घरी.”

मी गेलो. ते कुठे गेले, हे विचारायला मी कधी गेलो नाही.